गाइड मुलींचा मेळावा मुलींनाच चालवू द्यावा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मुलींच्या गाइड चळवळीच्या दृष्टीने २०२६ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. स्वातंत्र्यानंतर देशातील वेगवेगळ्या स्काउट संघटना ७ नोव्हेंबर १९५० रोजी एकत्र आल्या आणि 'भारत स्काउट्स आणि गाइड्स' ही एकच राष्ट्रीय संघटना उभी राहिली. मुलींची गर्ल गाइड्स असोसिएशन मात्र तिच्यात औपचारिकरीत्या सामील झाली ती १५ ऑगस्ट १९५१ रोजी. त्या घटनेला यंदा ७५ वर्षे होतात. दुसरे निमित्त आपल्या अगदी दाराशी आहे. पुण्यात आळंदी रस्त्यावर असलेल्या 'संगम' या जागतिक गाइड केंद्राचे उद्घाटन १६ ऑक्टोबर १९६६ रोजी स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांच्या पत्नी लेडी ओलेव्ह बेडन-पॉवेल यांच्या हस्ते झाले होते. त्यालाही यंदा ६० वर्षे पूर्ण होतात. दीडशेहून अधिक देशांत पसरलेल्या या चळवळीची स्वतःची वास्तू असलेली जागतिक केंद्रे मोजकीच आहेत, स्वित्झर्लंडमध्ये आडेलबोडेन येथे, मेक्सिकोत कुएर्नावाका येथे, लंडनमध्ये आणि पुण्यात. आळंदी रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या कित्येक पुणेकरांना त्या फाटकाच्या आत काय आहे याची कल्पना नसते, हे मी शाळेत असताना अनेकदा अनुभवले आहे.

ही दोन्ही निमित्ते साधून महाराष्ट्रातील गाइड मुलींचा एक मोठा राज्यस्तरीय मेळावा व्हावा, असे मला वाटते. मी अनेक वर्षे माध्यमिक शाळेत शिकवत असताना गाइड कॅप्टन म्हणून पथक चालवले आणि मुलींना घेऊन लहानमोठ्या शिबिरांना गेले. त्यामुळे ही सूचना करताना तिच्यासोबत काही अटीही मांडाव्याशा वाटतात, कारण वर्धापनदिनाचे मोठे मेळावे पुष्कळदा ज्यांच्यासाठी भरवले जातात त्यांचे राहत नाहीत, ते व्यासपीठाचे होतात.

या चळवळीत मुलींचा प्रवेशच मुळी त्यांच्या स्वतःच्या पुढाकाराने झाला. सप्टेंबर १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काउट मुलांचा मोठा मेळावा भरला असताना, कोणाचेही आमंत्रण नसलेल्या काही मुली स्काउटसारखा पोशाख करून तेथे हजर झाल्या आणि आम्हीही स्काउट आहोत असे त्यांनी बेडन-पॉवेल यांना सांगितले. पुढच्याच वर्षी मुलींसाठी गर्ल गाइड्स ही स्वतंत्र संघटना निघाली. भारतात १९११ मध्ये जबलपूरला पहिले गाइड पथक सुरू झाले, तेही आरंभी युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलींपुरतेच. भारतीय मुलींना दार उघडायला आणखी काही वर्षे जावी लागली. दार ठोठावून आत आलेल्यांची ही चळवळ असल्यामुळे, तिच्या वाढदिवसाला मुलींना रांगेत उभे करून टाळ्या वाजवायला लावणे मला फार खटकते.

मेळाव्यांचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. पहिले जागतिक गाइड शिबिर १९२४ मध्ये इंग्लंडमधील फॉक्सलीज येथे झाले. १९३९ च्या उन्हाळ्यात हंगेरीतील गोडोलो येथे 'पॅक्स टिंग' नावाने जो मेळावा भरला, त्यात सुमारे ५,८०० मुली होत्या, आणि मेळावा संपून महिना होण्याच्या आत युरोपात महायुद्ध पेटले. इंग्लंडमध्ये २०१० मध्ये चळवळीच्या शताब्दीनिमित्त यॉर्कशायरमधील हेअरवुड हाउसच्या परिसरात हजारो मुलींचे शिबिर झाले. मात्र या साऱ्याचे मूळ असलेले १९०७ सालचे ब्राउनसी बेटावरचे शिबिर अवघ्या विसेक मुलांचे होते, आणि तेथे मुलांना छोट्या तुकड्यांत विभागून प्रत्येक तुकडीची जबाबदारी तिच्यातल्याच एका मुलाकडे देण्यात आली होती. हीच पेट्रोल पद्धत. सहा ते आठ मुलींचे एक पेट्रोल, त्यांच्यातलीच एक पेट्रोल लीडर, आणि तंबू उभारण्यापासून भांडी घासण्यापर्यंत सारी कामे आपसांत वाटून घेण्याची मुभा. पेट्रोल मोडले तर गणवेश घातलेली सहलच तेवढी उरते.

आपल्याकडे ते नेमके मेळाव्याला निघतानाच मोडते. जिल्ह्याचा संघ पाठवायचा म्हटले की प्रत्येक शाळेतून एकदोन 'चांगल्या' मुली निवडल्या जातात. चांगल्या म्हणजे संचलनात उंचीला शोभणाऱ्या, नृत्य बसवलेल्या किंवा राज्य पुरस्काराची तयारी करणाऱ्या. या मुली बसमध्ये पहिल्यांदा एकमेकींना भेटतात आणि कागदावर त्यांचे पेट्रोल तयार होते. शिबिरात पोहोचल्यावर कोणाला काय येते, कोण रात्री घाबरते, कोणाला दम्याचा त्रास आहे हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे निर्णय पुन्हा बाईंकडेच येतात, आणि ज्या मुलींनी वर्षभर शाळेच्या मैदानावर एकत्र गाठी मारल्या, 'खरी कमाई' उपक्रमात पथकासाठी पैसे मिळवायला दारोदार फिरून कामे केली, त्यांतल्या उरलेल्या सहाजणी घरीच राहतात. म्हणून माझी पहिली सूचना अशी की या मेळाव्याला एका शाळेचे, एका पथकाचे अखंड पेट्रोलच यावे, त्यात एखादी मुलगी संचलनात पाय चुकवणारी असली तरी चालेल.

संख्येचा मोहही आवरावा लागेल. राज्यात ३६ जिल्हे आहेत. प्रत्येक जिल्ह्यातून आठ मुलींची सहा पेट्रोले आली तर १,७२८ मुली होतात. त्यांच्याबरोबरच्या गाइड कॅप्टन आणि मदतीला रेंजर मुली, म्हणजे वयाने मोठ्या गाइड, धरून सुमारे दोन हजारांचा मेळावा होईल. तो पुरेसा मोठा आहे. सहा पेट्रोलांपैकी निदान तीन जिल्हा परिषदेच्या शाळांतील आणि आश्रमशाळांतील असावीत, असा नियमच करावा. नाहीतर शहरातील खर्च परवडणाऱ्या शाळाच पुन्हा पुन्हा दिसतात. उपशिबिरे करताना विभागवार वस्ती करू नये. गडचिरोलीच्या पेट्रोलशेजारी सिंधुदुर्गचे आणि नंदुरबारशेजारी लातूरचे पेट्रोल असावे, म्हणजे तंबूच्या दोऱ्या एकमेकांत अडकतील आणि त्या सोडवताना ओळखी होतील.

मोठा मेळावा हवाच कशाला, लहान शिबिरे पुरेत, असे म्हणणारे माझे काही सहकारी आहेत. त्यांचे म्हणणे मला अर्धेच पटते. एखाद्या तालुक्याच्या गावात शाळेत एकच पथक असते आणि त्यातल्या आठदहा मुलींना स्कार्फ बांधून रस्त्याने जाताना मुले हसतात. पाचवी-सहावीत उत्साहाने आलेली मुलगी आठवीत गेल्यावर संकोचते, घरून 'आता पुरे' असे सांगितले जाते, आणि ती गळते. अशा मुलीने एका पहाटे दोन हजार मुलींच्या आवाजात प्रार्थना ऐकली आणि मराठीचे वेगळेच वळण बोलणाऱ्या अनोळखी मुलीशी गाइडांच्या रीतीप्रमाणे डाव्या हाताने हस्तांदोलन केले, तर आपण करतो ते एकट्या आपल्याच शाळेचे खूळ नाही, हे तिला कोणी समजावून सांगावे लागत नाही. त्यानंतर गावातल्या हसण्याचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही, हे मी पाहिले आहे. लहान शिबिरातून कौशल्य येते; आपण किती जणी आहोत ही जाणीव मात्र मेळाव्यातच येते, आणि म्हणूनच त्याचा सगळा वेळ कार्यक्रम बघण्यात घालवणे हे मोठे नुकसान आहे.

आता व्यासपीठाविषयी. एका मोठ्या मेळाव्यात उद्घाटनासाठी मुलींना सकाळीच मैदानावर उभे करण्यात आले आणि पाहुणे येईपर्यंत ऊन डोक्यावर आले. मुली चक्कर येऊन पडू लागल्या, तेव्हा प्राथमिक उपचारांचे ज्ञान असलेल्या त्यांच्याच पेट्रोल लीडरनी त्यांना सावलीत नेले. संयोजकांनी मात्र रांगेतली मोकळी जागा मागच्या मुलींना पुढे सरकवून भरून घेतली. हे कोणाच्या दुष्टपणातून झाले नाही. कार्यक्रम कोणासाठी आहे हा प्रश्नच कोणी विचारला नव्हता. त्यामुळे मेळाव्याचे उद्घाटन मुलींनीच ध्वज फडकावून ठरल्या वेळी करावे. मान्यवरांनी जरूर यावे, पण दुपारनंतर, पेट्रोलांच्या तंबूंमधून चालत फिरावे, मुलींनी काठ्या-दोऱ्यांनी बांधलेली गॅझेट पाहावीत आणि मुलींनी रांधलेले खावे. भाषण करायचेच असेल तर शेकोटीच्या वेळी करावे. तेथे कंटाळलेल्या मुली उघड जांभया देतात आणि वक्त्याला आपोआप अंदाज येतो.

स्वयंपाकाचा मुद्दा वरवर किरकोळ वाटतो, पण माझ्या मते मेळावा मुलींचा आहे की नाही हे तेथेच कळते. हल्ली कंत्राटदाराला जेवणाचा ठेका दिला जातो आणि मुली ताटे घेऊन लग्नाच्या पंगतीसारख्या रांगा लावतात. दोन हजार मुलींनी तिन्ही त्रिकाळ चुली पेटवाव्यात असे मी म्हणत नाही. धुराचा, सरपणाचा आणि आगीचा प्रश्न खराच आहे. सकाळचा नाश्ता आणि दुपारचे जेवण सामायिक स्वयंपाकघरातून यावे, आणि संध्याकाळचा शिधा मात्र पेट्रोलवार वाटून द्यावा. आज भात करायचा की पिठले-भाकरी, मीठ कोणी टाकायचे आणि करपले तर काय, हे त्या आठजणींनी ठरवावे. एखाद्या संध्याकाळी बिनभांड्याचा स्वयंपाक ठेवला तर राखेत भाजलेले कांदे-बटाटे आणि काठीला गुंडाळून शेकलेली कणीक यांवर त्या आनंदाने जेवतील. पाणी, वाळू आणि चुलींमधील अंतर यांची शिस्त मात्र प्रत्येक उपशिबिरातल्या रेंजरनी कठोरपणे पाळायला लावावी.

आगीचा विषय निघाला म्हणून सांगते. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील मंडी डबवाली येथे एका शाळेच्या वार्षिक समारंभात मांडवाला आग लागली आणि चारशेहून अधिक माणसे गेली, त्यांत मुलेच फार होती. बाहेर पडायला एकच दार होते आणि मांडव कृत्रिम धाग्याच्या कापडाचा होता. तीस वर्षे झाली तरी आपल्या समारंभांचे मांडव तसल्याच कापडाचे असतात आणि शोभेसाठी त्यांच्या कडा शिवून बंद केल्या जातात. मेळाव्यात बंदिस्त सभामंडप उभारूच नये. उघड्या आभाळाखाली बसायला गाइड मुलींना अडचण नसते, अडचण असते ती पाहुण्यांना.

स्वच्छतागृहांचा हिशेब संयोजकांनी आधी मांडावा आणि पत्रिका नंतर छापावी. आपत्तीनंतरच्या निवारा-छावण्यांसाठी 'स्फिअर' नावाची आंतरराष्ट्रीय मानके वापरली जातात. त्यांत काही काळ चालणाऱ्या वस्तीसाठी २० माणसांमागे एक शौचालय आणि माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी धरलेले आहे. दोन हजारांसाठी याचा अर्थ १०० शौचालये आणि रोज ३०,००० लिटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटरचे तीन टँकर, असा होतो. भूकंपग्रस्तांसाठी जे किमान मानले जाते, तेवढे तरी उत्सवाला जमलेल्या मुलींना मिळावे ही अपेक्षा अवाजवी नाही. माझ्या अनुभवात मोठ्या शिबिरांत याहून पुष्कळ कमी असते, आणि त्याचा परिणाम कोणी नोंदवत नाही: मुली पाणी पिणे कमी करतात. रांगेच्या आणि अंधाराच्या भीतीने दुपारपासून घोटभरच पाणी पिणाऱ्या मुलींना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप आणि लघवीची जळजळ सुरू होते, आणि वैद्यकीय कक्षाच्या वहीत 'ऊन लागले' असे लिहिले जाते.

पाळीबद्दलही स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण संयोजन समित्यांच्या बैठकांत ते बोलले जात नाही. चार-पाच दिवसांच्या शिबिरात दोन हजार मुलींपैकी काहीशे मुलींना पाळी येणार हे गृहीत धरूनच तयारी हवी. पॅड वैद्यकीय कक्षात 'मागितल्यावर मिळतील' ही व्यवस्था निरुपयोगी आहे; अनोळखी माणसाकडे जाऊन मागण्यापेक्षा मुली कापड किंवा वर्तमानपत्राचा कागद वापरणे पत्करतात. प्रत्येक पेट्रोल लीडरच्या साहित्याच्या पेटीत दोऱ्या आणि पट्ट्यांबरोबर पॅडही असावेत, आणि प्रत्येक शौचालयात झाकणाचा डबा असावा. पाळी आलेल्या मुलीला सर्वधर्म प्रार्थनेपासून लांब बसवण्याचा प्रकारही मी पाहिला आहे, आणि तो करणाऱ्या शिक्षिकाच होत्या. अशा शिक्षिकांना मेळाव्याआधीच्या प्रशिक्षणात कोणी तरी नीट समजावून सांगायला हवे. साहसी खेळांत भाग घ्यायचा की नाही हे त्या दिवशी त्या मुलीने स्वतः ठरवावे.

सुरक्षिततेचा विचार करताना आपण बहुधा फाटकावरच्या पहाऱ्यापाशी थांबतो. ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरच्या घटनेनंतर राज्य शासनाने शाळांसाठी सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समित्या यांविषयी आदेश काढले. मेळावा भरणारे मैदान ही त्या दिवसांपुरती शाळाच आहे असे मानून मांडववाले, पाणीवाले, वीजवाले आणि स्वयंपाकी या सर्वांना तेच नियम लावावेत. छायाचित्रांबाबतही मर्यादा हवी. मुलींचे जवळून काढलेले फोटो नावगावासह समाजमाध्यमांवर टाकण्याची जी चढाओढ असते, ती थांबवून फोटो काढण्याचे काम काही रेंजर मुलींकडेच द्यावे.

तारखेविषयी एक व्यावहारिक गोष्ट. संगमचा वर्धापनदिन १६ ऑक्टोबरला येतो, पण यंदा तो नवरात्रात आहे, शाळांच्या प्रथम सत्र परीक्षा त्याच सुमारास असतात आणि परतीच्या पावसाचा भरवसा नसतो. त्या दिवशी पुण्यात छोटा समारंभ करून मोठा मेळावा दिवाळीच्या सुट्टीनंतर, नोव्हेंबरअखेरीस किंवा डिसेंबरच्या आरंभी घ्यावा. संगमचा परिसर काही एकरांचाच असल्यामुळे मुक्काम अन्यत्र ठेवून एकेका उपशिबिराने एकेक दिवस तेथे जावे आणि तेथे राहणाऱ्या परदेशी स्वयंसेविकांबरोबर काम करावे. नुसते फोटो काढून परतू नये.

खर्चाचे कारण पुढे केले जाईल. १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या गाड्यांत सर्व महिलांना निम्मे भाडे लागते, त्यामुळे नियमित गाड्यांनी येणाऱ्या मुली आणि शिक्षिका या दोघींचाही प्रवास स्वस्त झाला आहे. उरतो तो शिक्षिकांचा प्रश्न, आणि तो मला भाड्यापेक्षा गंभीर वाटतो. मुलींच्या पथकाला स्त्री गाइड कॅप्टनच लागते. ती नसेल तर शाळेत स्काउटचे पथक चालू राहते आणि मुलींचे बंद पडते. प्रशिक्षण घेतलेली शिक्षिका बदलून गेली, निवृत्त झाली किंवा घरच्या अडचणींमुळे शिबिराला येऊ शकली नाही, की आठ मुलींची संधी जाते. मेळाव्याच्या संपूर्ण काळासाठी आणि आधीच्या प्रशिक्षणासाठी कर्तव्य रजा, प्रवासखर्चाची आगाऊ रक्कम आणि लहान मूल असलेल्या शिक्षिकेला ते बरोबर आणण्याची परवानगी, एवढ्या तीन गोष्टींचे परिपत्रक शिक्षण विभागाने वेळेत काढले, तर कितीतरी बंद पडलेली पथके या निमित्ताने पुन्हा सुरू होतील. परिपत्रक मेळाव्याच्या आदल्या आठवड्यात निघाल्याचा अनुभव आहे, म्हणून 'वेळेत' या शब्दावर भर देते.

शेवटी पैसा कशावर खर्च व्हावा याबद्दल. ज्या फॉक्सलीजला पहिले जागतिक शिबिर झाले, ते केंद्र आणि आणखी चार केंद्रे विकण्याचा निर्णय इंग्लंडमधील संघटनेने २०२३ मध्ये जाहीर केला. देखभालीचा खर्च पेलवत नाही हे त्यामागचे एक कारण होते. ज्या देशात चळवळ जन्मली तेथे असे होऊ शकते, तर भोरच्या रामबागेतील राज्य प्रशिक्षण केंद्रासारख्या आपल्या जागांची काळजी आताच घ्यायला हवी. मेळाव्यासाठी उभारलेल्या कमानी, झगमगाट आणि स्मृतिचिन्हे यांवरचा खर्च वगळून त्या रकमेतून कायमची शौचालये, पाण्याच्या टाक्या आणि टिकाऊ तंबू घ्यावेत, आणि मेळावा संपल्यावर ते तंबू जिल्हा कार्यालयांच्या कोठारात कुलपात न ठेवता तालुक्यातील पथकांना शनिवार-रविवारच्या शिबिरांसाठी मागताच मिळतील, अशी नोंदवही आणि एक जबाबदार व्यक्ती नेमावी. त्या नोंदवहीत वर्षभरात किती पथकांनी तंबू नेले, हे पुढच्या वर्षी याच सुमारास आपल्या वृत्तपत्राने विचारावे, अशी विनंती करते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका व गाइड कॅप्टन